ग्रिलला क्लिप लावू नका: रिपेअर बेंचचं अर्थिंग कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात भाड्याचा गाळा, इन्व्हर्टर आणि लॅपटॉपचे बोर्ड रिपेअर करायचं काम, निळी अँटीस्टॅटिक मॅट आणि मनगटाचा पट्टा ऑनलाइन मागवलाय, पण सॉकेटमध्ये अर्थच येत नाही, मग पट्ट्याची क्लिप खिडकीच्या ग्रिलला लावली तर चालेल का, आणि एप्रिल-मे आला की नवीन मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विचसारखे ट्रांझिस्टर) बसवल्या बसवल्या का जातात.

आधी सरळ उत्तर देतो. ग्रिलला लावू नका, नळाला पण नको. ती निळी मॅट बहुतेक अँटीस्टॅटिक नसणारच, ती कशी तपासायची ते खाली आहे. आणि मॉस्फेट जातात त्यातले काही स्टॅटिकने, म्हणजे घासल्याने अंगावर साचणाऱ्या विजेने, जातात, सगळे नाही. मी पुण्याजवळ भोसरीला एका असेंब्ली युनिटमध्ये ईएसडी (स्टॅटिकच्या ठिणगीपासून पार्ट वाचवायचं काम) कोऑर्डिनेटर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, रोज सकाळी लाइनवरच्या माणसांचे पट्टे तपासण्यापासून ऑडिटपर्यंत सगळं, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

मॉस्फेटचं आधी बघू. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये बहुतेक आयआरएफ ३२०५ किंवा तसलेच असणार. मॉस्फेटला गेट, ड्रेन, सोर्स असे तीन पाय असतात; डेटाशीट काढून बघा, गेट आणि सोर्समध्ये जास्तीत जास्त २० व्होल्ट चालतात. आता माणसाचं शरीर म्हणजे साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर धरतात, टेस्टिंगच्या स्टँडर्डमध्ये पण हाच आकडा आहे, १०० पिकोफॅरड आणि त्याच्या सिरीजमध्ये १५०० ओहम. तुम्ही खुर्चीवरून उठलात, पॉलिस्टरचा शर्ट घासला, अंगावर ५००० व्होल्ट आले, उन्हाळ्यात हे सहज होतं, आणि तुमचं बोट गेटला लागलं. त्या मॉस्फेटची इनपुट कपॅसिटन्स ३२०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे तुमच्या अंगावरचा चार्ज दोघांत वाटला जाऊन गेटवर दीडशेच्या आसपास व्होल्ट येतात. २० च्या जागी १५०. आत गेटखालचा ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की तो फुटतोच. आणि हा तरी मोठा पार्ट आहे, २एन७००० सारख्या छोट्या मॉस्फेटची कपॅसिटन्स काही दहा पिकोफॅरडच असते, तिथे तुमच्या अंगावरच्या व्होल्टेजचा मोठा भाग गेटवर पोचतो.

यात वाईट गोष्ट अशी की ठिणगी बोटाला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. त्याच्या खाली पार्ट मेला तरी तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून 'मला कधी झटका लागला नाही, माझ्याकडे स्टॅटिक नाही' असं म्हणणाऱ्या मेकॅनिकचं बोलणं मनावर घेऊ नका.

उन्हाळ्याचं कारण हवेतला दमटपणा. अमेरिकन लष्कराच्या १९८० च्या हँडबुकात एक तक्ता होता, तो आजही सगळीकडे फिरतो: बेंचवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर १० ते २० टक्के आर्द्रतेत ६००० व्होल्टपर्यंत जातात, आणि ६५ ते ९० टक्क्यांत तेच १०० वर येतात. मुंबईत जुलैमध्ये निम्मं काम हवाच करते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता कुठल्या कुठे खाली जाते, तिथे हा सगळा भार तुमच्या बेंचवर येतो. कूलर लावला की हवा दमट होते आणि स्टॅटिक खरंच कमी होतं, पण कूलर बंद झाला, लाइट गेली की दहा मिनिटांत परत जैसे थे, त्यामुळे कूलर गारव्यासाठी ठेवा, त्याच्या भरवशावर पट्टा काढून ठेवू नका. आणि त्याचा झोत बोर्डवर येईल असा ठेवू नका, खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डवर बसले तर ती वेगळीच कटकट.

पण एक सांगतो, इन्व्हर्टरचे मॉस्फेट जास्त करून ड्रायव्हर (गेटला सिग्नल देणारं सर्किट) खराब, ओव्हरलोड किंवा डुप्लिकेट माल यानेच जातात. ओळखायचं कसं, तर गेलेला पार्ट काढून मीटरने मोजा. ड्रेन-सोर्स शॉर्ट, तिन्ही पाय एकमेकांना शॉर्ट, अंगावर भाजल्याची खूण, तर तो पॉवरने मेलाय, अर्थिंग सुधारून तो वाचला नसता, ड्राइव्ह सर्किट बघा. ड्रेन-सोर्स ठीक दिसतंय पण गेट-सोर्समध्ये काहीशे ओहम किंवा काही किलोओहम दिसतायत, आणि पार्ट अजून एकदाही लोडवर गेलेला नाही, तर हात, पिशवी किंवा सोल्डरिंग आयर्न यांच्यावर संशय घ्या. नवीन पार्ट बसवण्याआधी गेट-सोर्स मोजायची सवय लावा (पट्टा घालून), म्हणजे तो दुकानातूनच मेलेला आला का हे पण कळतं.

आता अर्थिंग. स्टॅटिकसाठी आपल्याला खरं काय हवंय, तर बेंचवरच्या सगळ्या गोष्टी, तुमचा हात, मॅट, बोर्ड, आयर्नचं टिप, एकाच व्होल्टेजवर पाहिजेत. दोन गोष्टींत फरकच नसेल तर एकीकडून दुसरीकडे चार्ज उडी मारणारच नाही. म्हणून सगळ्या वायरी एकाच पॉइंटला आणायच्या आणि तो पॉइंट सॉकेटच्या अर्थला जोडायचा. स्टँडर्ड, म्हणजे एएनएसआय ईएसडी एस २०.२० किंवा आयईसी ६१३४०-५-१, हेच सांगतात, आणि पहिली पसंती मेन्सच्याच अर्थला देतात. कारण तुमची आयर्न, स्कोप (सिग्नल बघायचं यंत्र), पॉवर सप्लाय यांची बॉडी आधीच त्या अर्थला आहे. आपल्याकडे खूप कंपन्यांत ईएसडीसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा खणतात आणि मेन्सच्या अर्थपासून मुद्दाम वेगळा ठेवतात, हे मला कधीच पटलेलं नाही, कारण मग मॅट एका खड्ड्यावर, आयर्न दुसऱ्यावर आणि दोघांमध्ये काही व्होल्टचा फरक, जो नेमका आपल्याला घालवायचा होता. वेगळा खड्डा असेलच तर तो मेन्सच्या अर्थशी जाड वायरने बांधलेला पाहिजे.

ग्रिलला का नको ते यातूनच कळेल. ग्रिल भिंतीत सिमेंटमध्ये बसवलेली असते, ती जमिनीला चांगली जोडलेली असेल याची काहीच खात्री नाही, आणि आयर्नच्या अर्थशी तर तिचा संबंधच नाही. वर गाळ्याबाहेरचा बोर्ड, कूलर, शेजारच्याची लोंबणारी वायर, यातलं काहीही कधीतरी त्या ग्रिलला लागतं, आणि मग तुम्ही स्वतःला वायरने फेजला बांधून घेतलेलं असतं. पट्ट्यात रेझिस्टर आहे म्हणून मनगट कदाचित वाचेल, मॅटवरचा बोर्ड आणि टेबलाची लोखंडी फ्रेम नाही वाचणार. नळाचं म्हणाल तर आता सगळीकडे प्लॅस्टिकचे पाइप, तो अर्थ नाहीच.

त्या रेझिस्टरबद्दल पण बोलतो कारण लोक तो काढून टाकतात, 'अर्थ डायरेक्ट पाहिजे' म्हणून. पट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगओहम असतो. समजा मॅटवर २३० व्होल्ट आले, तरी तुमच्यातून ०.२३ मिलिअँपिअरच जाईल. आणि स्टॅटिक उतरायला त्याने अजिबात उशीर होत नाही: १ मेगओहम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. त्यामुळे तो काढून मिळत काहीच नाही, फक्त जीव धोक्यात येतो. बिनवायरचे पट्टे विकतात ते मात्र घेऊ नका, वायरच नसेल तर चार्ज जाणार कुठे.

सॉकेटला अर्थ आणणं हे तुमचं पहिलं काम, मॅटच्या आधीचं. गाळामालकाशी बोला, मीटरपासून अर्थची वायर ओढून घ्या, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवून घ्या, हा खर्च एका लॅपटॉपच्या मदरबोर्डपेक्षा जास्त होणार नाही. पण वायरमन काम करून गेला की स्वतः मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, तर ठीक. फेज-अर्थ ६० किंवा ११० असलं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर अर्थ तुटलेला आहे, डिजिटल मीटर हवेतलं व्होल्टेज दाखवतोय.

आणि एक फसवणूक हमखास होते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. अर्थची वायर ओढायचा त्रास नको म्हणून काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तुकड्याने जोडून देतात. मीटरवर फेज-अर्थ झक्क २३० येतात, गिऱ्हाईक खूश. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटच्या अर्थ पिनवर, म्हणजे तुमच्या आयर्नच्या बॉडीवर, स्कोपवर, मॅटवर पूर्ण फेज येणार. हे पकडायचं असं: मीटर न्यूट्रल-अर्थमध्ये ठेवा, आणि त्याच बोर्डवर इस्त्री किंवा हीटरसारखा मोठा लोड चालू करा. खरा अर्थ असेल तर आकडा थोडा वर सरकतो, अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट. लोड लावूनही तो ठार शून्यावर बसलाय तर पाठीमागे लूप मारलाय, प्लेट उघडून बघायला लावा. बल्ब लावून अर्थ तपासायची जुनी पद्धत स्वतः करू नका, अर्थ पुढे तुटलेला असेल तर बल्बमधून फेज बाकीच्या सगळ्या मशीनच्या बॉडीवर जातो.

अर्थचा खड्डा तुमच्या बिल्डिंगचा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घातलं जातंय का बघा, काळी माती तडकली की रेझिस्टन्स वाढतो. स्टॅटिकला त्याने फरक पडत नाही, मेगओहमच्या हिशोबात १०० ओहम म्हणजे काहीच नाही, पण शॉकपासून वाचायला पडतो.

अर्थ येईपर्यंत काय? मॅट, पट्टा आणि आयर्न एका पॉइंटला बांधून काम करता येतं, सगळं एकाच व्होल्टेजवर राहतं आणि स्टॅटिकपुरतं ते पुरेसं आहे. पण एक गोष्ट सांभाळा. अर्थ नसलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर तीन पिनचा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपचा अडॅप्टर लावला की त्याच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर अर्थच्या पिनला फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध ओढून धरतात, म्हणजे त्या अख्ख्या एक्स्टेंशनची अर्थची पट्टी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. लॅपटॉपच्या बॉडीवरून हात फिरवला की झिणझिण्या येतात ना, त्या याच. तीच पट्टी तुमच्या आयर्नच्या टिपला जोडलेली. करंट अगदी कमी असतो, तुम्हाला काही होणार नाही, पण २० व्होल्टच्या गेटला तो पुरेसा आहे, आणि मेकॅनिक मात्र स्टॅटिकला दोष देत बसतो. म्हणून अर्थ येईपर्यंत त्या एक्स्टेंशनवर आयर्नशिवाय काही नको, बोर्ड मेन्सपासून सुटा, बॅटरी काढलेली. हे दिवस ढकलायला आहे, कायमचं नाही.

दोन पिनची स्वस्त २५ वॅटची आयर्न असेल तर ती मॉस्फेटसाठी वापरूच नका, तिचं टिप कशालाच जोडलेलं नसतं. तीन पिनची किंवा स्टेशनवाली घ्या आणि टिपपासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत मीटरने मोजा, नवीन असताना २ ओहमच्या आत यायला पाहिजे, वापरात १० च्या वर गेली तर टिप काढून बुडाशी साचलेली काजळी साफ करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच उतरतं.

आता मॅट. तुम्ही वर्णन केली तशी, निळी, मऊ, स्क्रू ठेवायला खण असलेली, ती सिलिकॉनची हीटप्रूफ मॅट आहे. हॉट एअर सहन करते, छान आहे, पण त्यातल्या बहुतेक शुद्ध इन्सुलेटर असतात, घासल्या की स्वतःच चार्ज होतात, आणि इन्सुलेटरला अर्थ लावून काही होत नाही कारण त्याच्यातून चार्ज वाहतच नाही. खरी ईएसडी मॅट दोन थरांची रबरची असते, वर निळा किंवा हिरवा थर, खाली काळा, कडेला कापून बघितली की दोन रंग दिसतात, आणि कोपऱ्यात पितळी टिचबटण असतं. वरचा थर मुद्दाम मध्यम रेझिस्टन्सचा, १ मेगओहम ते १ गिगाओहम, ठेवलेला असतो. एकदम वाहक का नको? कारण कधीकधी चार्ज तुमच्या अंगावर नसतो, आयसीच्याच अंगावर असतो. प्लॅस्टिकच्या नळीतून घसरत आलेला आयसी चार्ज होऊन येतो आणि लोखंडी टेबलावर त्याचा पाय टेकला की एका नॅनोसेकंदाच्या आत सगळा चार्ज त्या एका पायातून बाहेर पडतो, करंट काही अँपिअरमध्ये जातो. रबरच्या मॅटवर तोच चार्ज हळूहळू उतरतो. त्यामुळे उघड्या स्टीलच्या टेबलाला अर्थ लावून 'झालं माझं ईएसडी' म्हणणारे अर्धंच काम करतात. सनमायकाचं टेबल तर मॅटशिवाय नकोच.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरत नाही, चांगल्या मॅटवरही तो ओपनच दाखवेल. १०० व्होल्ट रेंज असलेला इन्सुलेशन टेस्टर मिळवा, कोणाकडून मागून आणला तरी चालेल. स्टँडर्डमध्ये मॅटवर ठेवायचे इलेक्ट्रोड ५ पौंडांचे, म्हणजे २.२७ किलोचे असतात. तुम्ही किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन घ्या, त्याच्या बुडाला अॅल्युमिनियम फॉइल नीट सुरकुत्या न पडता गुंडाळा, मॅटच्या मध्यावर ठेवा, एक प्रोब फॉइलला, दुसरा टिचबटणाला. आकडा ढोबळ येईल पण निर्णय पक्का होतो: काही मेगओहम ते काहीशे मेगओहम आले तर मॅट ठीक, टेस्टर इन्फिनिटीलाच चिकटून राहिला तर ती मॅट हॉट एअरच्या खाली टाकायला ठेवा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे विचारलं तर दोन थरांची मॅट मिळते, पैसे देण्याआधी कड बघा. नंतर ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ओलं फडकं, फर्निचरचं पॉलिश अजिबात नको, त्यातलं सिलिकॉन मॅटवर इन्सुलेशनचा थर चढवतं.

जोडणी अशी: फक्त अर्थची पिन धातूची आणि बाकी दोन प्लॅस्टिकच्या असलेला तयार प्लग मिळतो, तो घ्या. नेहमीच्या तीन पिनच्या प्लगमध्ये एकच वायर टाकून जुगाड करू नका, आत वायर सुटून फेजला लागायला वेळ लागत नाही. त्या प्लगपासून बेंचच्या कडेला एक कॉमन पॉइंट, तिथे मॅटची वायर वेगळी आणि पट्ट्याची वेगळी. दोन बेंच असतील तर दुसऱ्याची मॅट पहिल्या मॅटमधून पुढे नेऊ नका, प्रत्येकाची स्वतंत्र वायर, कारण मधली एक सुटली की पुढचे सगळे लटकतात आणि कोणाला कळतही नाही. पट्ट्याची क्लिप मॅटच्या कडेला चावून लावायची पद्धत पण सोडा, रबर मध्ये आलं की रेझिस्टन्स वाढतो.

पट्टा रोज तपासायचा, काम सुरू करायच्या आधी, चहाच्या आधी. टेस्टर नसेल तर मीटर चालतो: प्लगपासून पट्ट्याच्या आतल्या धातूच्या पत्रीपर्यंत १ मेगओहमच्या आसपास. मोजताना वायर दोन्ही टोकांना, जिथे ती प्लगमध्ये आणि बटणात शिरते तिथे, बोटांनी वाकवून पिळून बघा. वायर तुटते ती तिथेच, आणि सरळ धरली तर बरोबर दाखवते, वाकवली की आकडा नाचतो. असा पट्टा टाकून द्या, चिकटवत बसू नका. त्यानंतर पट्टा घालून, एक प्रोब प्लगला आणि दुसरा त्याच हाताच्या चिमटीत धरून मोजा. स्टँडर्डप्रमाणे अंगासकट ३५ मेगओहमच्या आत पाहिजे. तुमच्याकडे उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते, पट्टा सैल असेल तर हा आकडा सहज वर जातो, मनगट ओल्या फडक्याने पुसा, पट्टा घट्ट करा, शर्टाच्या बाहीवरून तर कधीच नको.

टाचेचे पट्टे, ईएसडी चप्पल यांवर आत्ता पैसे घालू नका, खाली ईएसडी फ्लोअर नसेल तर त्यांचा उपयोग शून्य.

बेंचवरचं प्लॅस्टिक मात्र काढा. चहाचा थर्माकोलचा कप, बबल रॅप, कॅरीबॅग, चिकटपट्टीचा रोल. चिकटपट्टी बोर्डजवळ सोलली की तिथे हजारो व्होल्ट तयार होतात, आणि तुमचा पट्टा त्याला काही करू शकत नाही. नियम असा की २००० व्होल्टच्या वर चार्ज होणारी वस्तू पार्टपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. प्लॅस्टिकचा डिसोल्डर पंप, बोर्ड साफ करायचा टूथब्रश, हे रोजच्या वापरातले गुन्हेगार, दोन्हीचे काळे ईएसडी प्रकार मिळतात आणि महाग नसतात. आयोनायझर पंखा (हवेत आयन सोडून प्लॅस्टिकवरचा चार्ज मारणारा) चांगली गोष्ट आहे, पण तो या सगळ्यानंतर.

मॉस्फेट बाजारातून साध्या पारदर्शक पिशवीत सुटे आणू नका, ट्यूबमध्ये किंवा काळ्या फोममध्ये टोचून मागा, दुकानदार देतो. नसेल तर तिन्ही पाय फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. बॅटरी लागलेला बोर्ड मात्र फॉइलमध्ये कधी गुंडाळू नका. चंदेरी शील्डिंग पिशवी बोर्ड आत ठेवण्यासाठी असते, तिच्यावर बोर्ड ठेवून काम करायला नाही.

आणि भाऊ, इन्व्हर्टरचा बोर्ड बसवून झाला, पार्ट सोल्डर झाले, आता लाइव्ह टेस्टिंग करायचंय, की पट्टा काढून बाजूला ठेवा आणि बोर्ड मॅटवरून उचलून कोरड्या लाकडी फळीवर घ्या. एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, त्याच्या प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला ३२५ व्होल्ट डीसी असतात, तिथे अर्थला बांधलेला हात नको, आणि मॅटही पूर्ण इन्सुलेटर नाही, तिच्यातून करंट गळतो. पट्टा बोर्ड बंद असतानाच, बॅटरी सुटी असतानाच, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्यावरच परत घालायचा.